रेषेची शाळा, भाग 6 : हे कोण आहे, सांगा पाहू

मागच्या भागात आपण समोरच्या माणसाची ठेवण एका मिनिटात कशी पकडायची ते पाहिलं. या आठवड्यापासून त्या माणसाला वय, स्वभाव, सवयी द्यायच्या, म्हणजे पात्र घडवायचं. त्यासाठी एक अट आधीच सांगते. पात्र एकदा सुंदर काढता आलं म्हणजे झालं, असं नाही. ते पाठमोरं असो, पळत असो, गर्दीत अर्धंच दिसत असो, तरी तेच वाटलं पाहिजे. आणि ते तसं वाटतं की नाही, हे काढणाऱ्याला कळणं जवळजवळ अशक्य असतं. त्याच्या मनात पात्र आधीपासून नांदत असतं. कागदावर जे उतरलेलं नाही, तेही त्याला तिथे दिसतं. म्हणून पात्ररचना एकट्याने बसून शिकता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. सराव एकट्याचा, पण पारख दुसऱ्याच्या डोळ्यांची.

दिल्लीतलंच उदाहरण घेऊ. बुराडीच्या राज कॉमिक्सने 1986 मध्ये 'नागराज' आणला. उत्तर भारतातल्या एका अख्ख्या पिढीने हा नायक सुट्टीत भाड्याने कॉमिक्स आणून वाचला. त्याला पहिलं रूप दिलं ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. 'अमर चित्र कथे'साठी त्यांनी पुष्कळ काम केलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या नागराजाची शरीरयष्टी पौराणिक वीरासारखी भारदस्त, रेषा वळणदार. नव्वदच्या दशकात नागराज अनुपम सिन्हांकडे गेला. 'सुपर कमांडो ध्रुव' हा त्यांचा स्वतःचा नायक, 1987 चा, आणि त्यांची चित्रं सगळी वेगाची: ताणलेले स्नायू, तिरपे कोन, चौकटीबाहेर झेपावणारी शरीरं. हात बदलला, शैली बदलली, तरी वाचकाला नागराज परका वाटला नाही. हिरवी खवल्यांची कातडी आणि मनगटातून निघणारे साप, एवढं पाहिलं की ओळख पटते. बाकीचं सगळं चित्रकाराच्या मर्जीवर सोडता येतं. तुमच्या पात्रातल्या अशा दोन-तीन गोष्टी कोणत्या, ज्या दुसऱ्याच्या हातीही टिकतील? हा प्रश्न पहिल्याच दिवशी स्वतःला विचारा.

या ठळक खुणा चेहऱ्यावरच असतात असा समज फार पसरलेला आहे. नवशिका माणूस डोळ्यांच्या पापण्यांवर तासभर घालवतो आणि खांदे मात्र सगळ्यांचे सारखेच काढतो. 'टिंकल'मधला शिकारी शंभू आठवा. वसंत हळबे यांनी त्याची टोपी इतकी खाली ओढली की डोळे दिसतच नाहीत. घाबरट माणसाचे डोळेच झाकायचे, हा केवढा धाडसी निर्णय! मग भीती दाखवायची जबाबदारी मिशी, गुडघे आणि बंदूक धरण्याच्या पद्धतीवर आली, आणि त्यांनी ती चोख निभावली. राम वाईरकरांच्या सुपंडीचं निमुळतं डोकं नुसतं बाह्यरेषेत काढलं तरी मुलं नाव सांगतात.

दिल्लीच्या प्राण यांनी तर आकारांच्या विरोधावरच संसार उभा केला. 1971 मध्ये 'लोटपोट'मध्ये आलेले चाचा चौधरी म्हणजे पगडी, मिशी आणि काठी असलेला किरकोळ अंगाचा म्हातारा. त्याच्या शेजारी ज्युपिटरवरून आलेला पहाडासारखा साबू. एकाकडे बुद्धी, दुसऱ्याकडे बळ, हे वाचता न येणाऱ्या मुलालाही पहिल्याच चौकटीत समजतं. प्राण यांच्या रेषा मोजक्या होत्या आणि काही जण त्यांना साध्या म्हणून हिणवत. मला त्या साधेपणामागे फार विचार दिसतो. दर महिन्याला पानंच्या पानं काढायची तर पात्र हाताला सोपं आणि डोळ्याला पक्कं असावं लागतं.

यावरून एक कसोटी हाती येते. आपलं पात्र पूर्ण काळं भरून टाका, म्हणजे फक्त छायाकृती उरेल, मग ते शेजाऱ्याला दाखवा. अॅनिमेशन स्टुडिओत हीच कसोटी रोज वापरतात. त्याच्यापुढची पायरी मॉडेल शीटची: एका कागदावर तेच पात्र समोरून, तीन-चतुर्थांश, बाजूने आणि मागून, सगळीकडे डोकं, खांदे, कंबर, गुडघे एकाच आडव्या रेषेवर. हे कंटाळवाणं काम आहे, पण पात्र किती डोकी उंच आहे हे इथेच ठरतं आणि मग बदलत नाही.

एकमेकांच्या चित्रांवर बोलायची पद्धत काही नवी नाही. 1932 मध्ये डिस्नेचा अॅनिमेटर आर्ट बॅबिट याने स्वतःच्या घरी मॉडेल बोलावून सहकाऱ्यांसोबत रेखाटनं सुरू केली. ते पाहून डिस्नेने हा वर्ग स्टुडिओत आणला आणि डॉन ग्रॅहम यांना शिकवायला नेमलं. कच्च्या पेन्सिलच्या हालचाली एका छोट्या कोंदट खोलीत सगळ्यांसमोर दाखवायच्या. त्या खोलीचं नावच 'स्वेटबॉक्स' पडलं होतं. आपल्या दिल्लीत फाळणीनंतर 1949 मध्ये दिल्ली शिल्पी चक्र हे कलाकारांचं मंडळ उभं राहिलं. लाहोरहून आलेले भाबेश सन्याल आणि त्यांच्याबरोबर बेळगावचे, जे. जे.मध्ये शिकलेले के. एस. कुलकर्णी हे त्याच्या संस्थापकांपैकी. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या त्रिवेणी कला संगमचा पहिला चित्रवर्गही कुलकर्णींनीच चालवला, कॅनॉट प्लेसमधल्या एका कॉफी हाउसच्या वरच्या जागेत, अवघ्या दोन विद्यार्थ्यांसह. व्यंगचित्रकारांसाठी अशीच जागा 'शंकर्स वीकली' ठरली. 1948 ते 1975 या काळात अबू अब्राहम, ओ. व्ही. विजयन यांच्यासारख्यांचे हात तिथे घडले.

आता मुख्य मुद्दा: अभिप्राय मागायचा कसा? "कसं झालंय?" असं विचारलंत तर "मस्त!" एवढंच उत्तर येईल, आणि त्याचा उपयोग शून्य. मित्राकडून दाद घ्यायची नाही, त्याच्याकडून चित्र वाचून घ्यायचं. हा माणूस काय काम करतो? वय किती? आत्ता कुठून आला असेल? तुम्ही तोंड मिटून ऐकायचं. "अरे, तो खरं तर..." असं सुरू केलंत की पारख संपली.

आमच्या नोएडातल्या गटात गाझियाबादची एक कॉलेजची मुलगी येते. तिने ई-रिक्षा चालवणारी बाई काढली होती: खाकी शर्ट, घट्ट बांधलेले केस, ताठ उभी. तिघांनी पाहिलं. एक म्हणाला पोलीस, दोघं म्हणाले मॉलची सिक्युरिटी गार्ड. मग सूचनांचा पाऊस पडला. पाठीमागे रिक्षा काढ, पाटी लाव, चेहरा थोडा गोड कर. तिने यातलं काहीच केलं नाही, आणि मला ते फार आवडलं. तिघांनाही वर्दीतली बाई दिसली, म्हणजे चित्रात वर्दीच होती. ही तक्रार तिने पूर्ण स्वीकारली. उपाय मात्र स्वतः शोधला. मेट्रो स्टेशनबाहेर सवारीची वाट पाहत थांबलेल्या रिक्षांसमोर बसून तिने पाहिलं की चालक क्वचितच ताठ असतात. एक पाय वर दुमडलेला, कोपर हँडलवर, मान सवारीच्या दिशेने वळलेली. डिसेंबरची थंडी असल्याने डोक्याभोवती मफलर, स्वेटरवरून आडवी टाकलेली सुट्या पैशांची पिशवी. पुढच्या वेळी तिने फक्त छायाकृती आणली, रिक्षा न काढता. पुढे झुकलेलं शरीर, पिशवीचा फुगवटा, मफलरचं टोक. यावेळी गटातल्या एका मुलाने विचारलं, "ही कुठल्या स्टेशनबाहेर उभी असते?"

सूचना ऐकणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा. कुठे अडखळलं, हे पाहणारा अचूक सांगतो. काय करावं, हे तो बहुतेक वेळा स्वतःच्या आवडीतून सांगतो. आणि सूचना देणाऱ्याने दुसऱ्याच्या कागदावर पेन्सिल चालवू नये. फारच वाटलं तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून दाखवावं.

ओळखीच्या मित्रांपलीकडेही जायला हवं, कारण त्यांना आपली शैली सवयीची होते. शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियाचं काम मला म्हणूनच मोलाचं वाटतं. कधी हातात ब्रश न धरलेली माणसं आपल्या गावातल्या प्रश्नावर चार चौकटींची गोष्ट काढतात, झेरॉक्स करतात आणि भिंतीवर, चहाच्या टपरीवर चिकटवतात. तिथे थांबून वाचणाऱ्याला चित्रकाराचं मन राखायचं नसतं. चित्र समजलं तर तो पुढच्या चौकटीकडे जातो, नाही तर निघून जातो.

सरावासाठी दिल्लीत जागांची वाण नाही. पुराना किल्ल्याशेजारच्या प्राणिसंग्रहालयात जा. पाणघोड्याचं बूड आणि शहामृगाची मान यांतून माणसांची पात्रं निघतात. मेट्रोत ब्लू लाइनवर द्वारकेपासून नोएडापर्यंत माणसं बसण्याच्या किती तऱ्हा दिसतात! मात्र कोणाच्या लक्षात आलं तर वही लपवू नका, हसून दाखवा. नको म्हणाले तर पान उलटा. महिला हाटच्या रविवारच्या पुस्तक बाजारात जुनी कॉमिक्स मिळतात. एकाच पात्राचे वेगवेगळ्या चित्रकारांनी काढलेले अंक शोधून घ्या आणि शेजारी ठेवून पाहा.

या आठवड्याचं काम असं. रोज दिसणारी एक व्यक्ती निवडा: इस्त्रीवाला, सोसायटीचा माळी, ट्यूशनला जाणारं पोर. तिच्या अंगठ्याएवढ्या वीस काळ्या छायाकृती काढा. प्रत्येकीत उंची, झुकाव किंवा हातातली वस्तू बदला. त्यांतल्या तीन निवडून अशा माणसाला दाखवा, ज्याला चित्रकलेत काडीचाही रस नाही. त्याने जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत कागदाच्या मागे लिहा आणि मग चौथी काढा. चेहऱ्याकडे पुढच्या भागात वळू. तोवर डोळे, नाक, ओठ काढायचे नाहीत.