गाडी आली, पण पोचली का?

बालमित्रांनो, मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीला तुमच्या घरी मुंबई-पुण्याची गाडी येते ना? लांबून हॉर्न ऐकू आला की तुम्ही काय करता? हातातलं काम टाकून, चपला न घालता थेट बेड्यापर्यंत धावत सुटता! (कोकणाबाहेरच्या मित्रांसाठी सांगते, बेडं म्हणजे आवाराचं फाटक आणि खळं म्हणजे घरापुढचं अंगण.) खरं सांगू? लहानपणी मीही तेच करायचे. "आले, आले!" असं ओरडत, गाडीच्या पुढून-मागून नाचत तिला खळ्यात आणायचं, यात कोण आनंद असायचा! आज मात्र या आनंदातच लपलेल्या एका धोक्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमचं गाव रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाताना लागतं. शेजारच्या काकूंनी घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी ठेवल्या आहेत. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे सतरा आसनांची मोठी गाडी यायची होती. दुपारी चारला येणारी मंडळी आली पावणेसातला. दिवेलागण झालेली. खळ्यात मुलांचा क्रिकेटचा डाव रंगलेला. बेड्यातून गाडी आत वळली आणि एकच गलका उडाला. काकू धावल्या, मी धावले, मुलं तर आधीच पोचली होती.

गाडी खळ्यात उलटी लावायची होती. सातवीतला एक मुलगा बरोबर गाडीच्या मागे उभा राहून ऐटीत हात हलवू लागला, "येऊ द्या, येऊ द्या!" आम्ही मोठी माणसं हसत बघत होतो. इतक्यात चेंडू गाडीखाली गेला आणि चार वर्षांची एक चिमुरडी तो काढायला मागच्या चाकाशी वाकली. आमच्यापैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

पडवीत आमसुलं वाळवायला घेऊन बसलेल्या आजींचं तेवढं होतं. ओरडून आवाज पोचणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि हातातलं स्टीलचं ताट फरशीवर दाणकन आपटलं. ड्रायव्हरकाकांनी दचकून ब्रेक दाबला. चाक आणि ती मुलगी यांच्यात जेमतेम हातभर अंतर उरलं होतं.

काही क्षण कुणीच बोललं नाही. ड्रायव्हरकाका खाली उतरले आणि गडग्यावर बसून राहिले. पाण्याचा तांब्या धरताना त्यांचे हात थरथरत होते. ते म्हणाले, "बाई, मला मागे काहीच दिसलं नाही हो. आरशात नुसती हात हलवणारी माणसं दिसत होती. मला वाटलं, सगळं ठीक आहे."

मुलांनो, वर्गात मी रस्ता ओलांडायचे नियम दरवर्षी शिकवते. पण त्या संध्याकाळी हसत उभ्या असलेल्या माणसांत मीही होते. म्हणूनच हा लेख लिहिते आहे.

मुक्काम दिसला की काय होतं?

मुंबईहून गणपतीपुळे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. चालक मुंबई-गोवा महामार्गानं येतो, निवळी फाट्याला वळतो, जाकादेवीवरून खाली उतरतो. तासन् तास वेगानं गाडी हाकली की डोळ्यांना त्या वेगाची सवय होते. मग गावच्या रस्त्यावर ताशी चाळीसचा वेगही त्याला अगदी रांगल्यासारखा वाटतो! त्यातून तो दमलेला असतो, मागे लहान मुलं "आलं का? आलं का?" करत असतात, आणि अंधार पडायच्या आत खोली गाठायची घाई असते. मुक्काम दिसला की मन सैल होतं. "पोचलो एकदाचे!" असं सगळ्यांना वाटतं.

आणि नेमक्या त्याच वेळी गाडी अशा जागी येते, जिथे माणसं रस्त्याच्या कडेला नसतात, रस्त्यातच असतात. खळ्यात मुलं खेळतात, आजोबा खाट टाकून बसतात, गुरं गोठ्याकडे वळतात. हायवेवर माणूस गाडीला जपतो. अंगणात तो निर्धास्त असतो, कारण अंगण त्याचं असतं. दोघंही निर्धास्त असले, की मग सांभाळायचं कुणी?

एक खेळपट्टी, एक गणित

चला, आता थोडं गणित करू. घाबरू नका, क्रिकेटचं गणित आहे! क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड लांब असते, म्हणजे २० मीटरच्या किंचित वर. आपण २० मीटर धरू.

चालकाला समोर मूल दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी आधीच्याच वेगानं पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागतो, आणि मग गाडी घसटत थांबते. चांगल्या, कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरनं येणाऱ्या गाडीला या सगळ्याला मिळून सुमारे २० मीटर लागतात. म्हणजे अख्खी खेळपट्टी! गोलंदाजाच्या टोकाला चालकानं तुम्हाला पाहिलं, तर गाडी थांबणार फलंदाजाच्या यष्ट्यांपाशी.

हीच गाडी ताशी २० नं आली तर सुमारे ८ मीटरांत थांबते. ताशी १० नं आली तर साडेतीन मीटरच्या आत. आणि माणसाच्या चालीनं, म्हणजे ताशी ५ नं आली, तर दीड मीटरमध्ये, म्हणजे दोन पावलांत!

यातली एक गंमत पाहा. वेग दुप्पट झाला की नुसत्या ब्रेकनं थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. वेग निम्मा केला की ते पाव होतं. म्हणून "थोडासाच तर वेग जास्त होता" हे म्हणणं खरं नसतं. शिवाय आपल्या वाडीत कोरडं डांबर कुठलं? सुट्टी खडी, जांभ्याचा चुरा आणि पावसाळ्यात शेवाळ. त्यावर ही सगळी अंतरं आणखी वाढतात.

करून पाहा : शाळेच्या मैदानावर २० मीटर मोजून दोन रेघा ओढा. एका रेघेपासून दुसरीपर्यंत नेहमीच्या चालीनं जा आणि मित्राला घड्याळात सेकंद मोजायला सांगा. आता ७२ ला त्या सेकंदांनी भागा. आलेलं उत्तर म्हणजे ताशी किलोमीटरमधला तुमचा वेग! १४-१५ सेकंद लागले तर तुम्ही ताशी पाचच्या आसपास चालता. मग धावून पाहा, सायकलवरून पाहा. ७२ च का, हे कोडं तुमच्यासाठी. (इशारा : एका तासात ३६०० सेकंद आणि एका किलोमीटरमध्ये १००० मीटर.) मात्र हा प्रयोग मैदानावरच करायचा, रस्त्यावर नाही, बरं का!

चाकांवरच्या घरांचे तळ

हा प्रश्न फक्त आपल्याच खळ्याचा नाही. कॅराव्हॅन हा शब्द तुम्ही ऐकला असेल. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत बिछाना, छोटं स्वयंपाकघर, न्हाणीघर असं सगळं असतं. २०२१ साली महाराष्ट्र शासनानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. अशा गाड्या मुक्कामाला जिथे थांबतील तिथे पाणी, वीज, रस्ता अशा सोयींचे तळ असावेत, अशी त्यातली कल्पना आहे.

ब्रिटनमध्ये अशा तळांची परंपरा जुनी आहे. तिथल्या कॅराव्हॅनवाल्यांचा क्लब १९०७ साली स्थापन झाला. तळावर गाड्यांच्या मधल्याच जागेत मुलं खेळतात, माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन जातात. म्हणजे आपलं खळंच म्हणा ना! म्हणून तिथल्या अनेक तळांवर वेगाची मर्यादा ताशी ५ ते १० मैल, म्हणजे ८ ते १६ किलोमीटर इतकीच असते. आल्यावर गाडी आधी प्रवेशापाशी थांबवायची, आपली जागा कोणती ते विचारायचं आणि मगच आत शिरायचं. बऱ्याच ठिकाणी "दुपारच्या आधी येऊ नका" असंही सांगतात. कारण सकाळी आदल्या दिवशीचे पाहुणे बाहेर पडत असतात. येणारी आणि जाणारी गाडी अरुंद वाटेवर समोरासमोर आली, की एकीला उलटं जावं लागतं. आणि उलटी जाणारी गाडी म्हणजे काय, ते आम्ही पाहिलंच होतं.

मग आम्ही काय केलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या पडवीत सभा भरली. आजी अध्यक्ष! मुलांनीही आपली मतं मांडली. "वाटेत दगड-माती टाकून गतिरोधक करूया," असं एक जण म्हणाला. पण ते बरोबर नाही. गतिरोधकाचंही शास्त्र असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोलाकार उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ च्या वेगानं गाडी सुखरूप ओलांडेल असा. मनानं रचलेल्या ढिगावरून अंधारात एखादा स्कूटरवाला आपटायचा!

शेवटी ठरलं ते असं. पाहुण्यांनी जाकादेवी सोडलं की फोन करायचा, म्हणजे आम्ही तयार राहू. बेड्याबाहेर गाडी थांबवायची. बेड्याच्या चिऱ्यावर मुलांनी चुन्यानं लिहिलं, 'थांबा. आधी माणसं, मग गाडी.' पाहुणे तिथेच उतरतात. गाडीतली मुलंही मोठ्यांचा हात धरून पडवीत येतात. आमची सगळी मुलं पडवीच्या पायरीवर बसतात आणि आजी त्यांची डोकी मोजतात. सगळी मोजून झाली की मगच गाडी आत येते, माणसाच्या चालीनं. इंजिन बंद होऊन किल्ली निघेपर्यंत पायरी कुणी सोडायची नाही.

गाडी उलटी घ्यायची असेल तर खूण करणारा एकच आणि तोही मोठा माणूस. तो गाडीच्या मागे नाही, बाजूला उभा राहतो, चालकाला आरशात दिसेल असा. चालकानं एवढंच लक्षात ठेवायचं, की तो माणूस आरशातून नाहीसा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची. एसटी स्टँडवर पाहा, बस मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतो. दहाजण "येऊ द्या" म्हणून ओरडत नाहीत.

आता थोडं मोठ्या दादा-ताईंसाठी. "काका, किल्ली द्या, मी फक्त गाडी कडेला लावतो," हे वाक्य ओळखीचं आहे ना? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटार चालवायला १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. गाडी 'फक्त लावताना'च तर मागे कुणीतरी वाकलेलं असतं!

आणि पालकांनो, एक विनंती तुम्हालाही. घरी पोचायला उशीर झाला तर कुणी रागावणार नाही. शेवटच्या वळणावर अर्धा मिनिट थांबा, काच खाली करा, गाणी बंद करा. समुद्र दिसला म्हणून गाडी थेट पुळणीवर नेऊ नका. तिथेही मुलं वाळूचे किल्ले बांधत बसलेली असतात. रस्ता संपला की गाडीनं थांबावं आणि पुढे पायांनी जावं.

आमच्याकडे आता हॉर्न वाजला की मुलं धावत नाहीत. आधी पायरीवर रांग लागते आणि "एक, दोन, तीन..." असा आजींचा आवाज येतो. ती चिमुरडी सगळ्यांत पुढे बसते, चेंडू घट्ट पोटाशी धरून. आकडा नऊ झाला, की आजी हात वर करतात आणि मग गाडी आत येते.

या सुट्टीत तुमच्या घरी पाहुणे आले, की तुम्हीही आधी डोकी मोजा. कराल ना?