सिक्स-जीचा सांधा

पोरगा तेल कंपनीत अप्रेंटिस लागला, की घरचे पहिला प्रश्न विचारतात : पुढे पर्मनंट होणार का? मी रिफायनरीच्या पाइपांवर वेल्डिंग करण्यात हयात घालवली, आता आयटीआयच्या मुलांना शिकवतो. त्यांना मी स्पष्ट सांगतो, की १९६१च्या अप्रेंटिस कायद्यात नोकरीची हमी नाही. करारात तसं लिहिलेलं नसेल, तर वर्ष संपल्यावर तुम्हाला ठेवून घ्यायला कंपनी बांधील नसते. तरीही हे वर्ष सोडू नका.

या कामाला इथे मागणी का, ते बघा. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगने मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं. १९७६पासून ते निघू लागलं आणि पुढे समुद्रतळावरच्या पाइपलाइनने उरणला येऊ लागलं. उरणचा प्लांट काय, माहुलच्या रिफायनऱ्या काय, तिथे इंजिनिअरांइतकीच गरज असते फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक यांची. केमिकल प्लांट चालवणारा एओसीपी हा ट्रेडही तिथलाच. फिटरचा कोर्स दोन वर्षांचा, वेल्डरचा एक.

पण आयटीआयच्या टेबलावर आडव्या पट्ट्या जोडणं वेगळं आणि सिक्स-जी वेगळं. या वेल्डिंग पोझिशनमध्ये पाइपाचे दोन तुकडे पंचेचाळीस अंशांत तिरके बांधतात. पाइप फिरवायचा नाही, वेल्डरनेच भोवती फिरायचं. सुरुवात खालून, मान वर करून. दोन तुकड्यांत साधारण तीन मिलिमीटरची फट. पहिला थर, म्हणजे रूट, टिग वेल्डिंगने मारायचा. वितळलेल्या धातूच्या पुढच्या टोकाला कुलपाच्या भोकासारखं छिद्र सतत दिसत राहिलं पाहिजे. ते बुजलं तर धातू आतपर्यंत पोचत नाही, मोठं झालं तर आत लोंबतो. मनगट थकलं की छिद्र बिघडतं. वरचे थर ७०१८ रॉडने भरायचे, तेही ओव्हनमधून गरम काढलेल्या. रॉडला ओल लागली की हायड्रोजन धातूत शिरतो आणि सांध्याला नंतर तडा जाऊ शकतो. शेवटी एक्सरे. वरून कॅपिंग कितीही देखणं असो, आत स्लॅग, म्हणजे रॉडचा मळ, अडकला असेल तर फिल्मवर दिसतोच. फिल्म नीट आली, की मुलाचा चेहरा बघावा.

दुसरी गोष्ट पुस्तकात वाचून अंगात भिनत नाही, ती म्हणजे परमिट, काम सुरू करण्याची लेखी परवानगी. गॅस टेस्ट झाल्याशिवाय, लाइनला ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) लागल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही, मग सुपरवायझर कितीही घाई करो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. म्हणून नाकावर नाही, छातीवरच्या मीटरवर विश्वास ठेवायचा. हे मला एका जुन्या फोरमननी दंडाला धरून शिकवलं.

अशा गोष्टी कामावरच शिकता येतात, म्हणून मला एका गोष्टीचा मनापासून राग येतो. माझ्या ओळखीच्या एका प्लांटमध्ये अप्रेंटिस मुलं वर्षभर झेरॉक्स काढत आणि स्टोअरमधलं सामान मोजत बसली. स्टायपेंड मिळाला, सर्टिफिकेटही मिळालं, पण होल्डर धरायला हात अजून कापतो. म्हणून रुजू होताच विचारा : कुठल्या युनिटला, कोणाच्या हाताखाली? लॉगबुक रोज भरा आणि त्यावर सही घ्या. वर्ष संपल्यावर ऑल इंडिया ट्रेड टेस्ट असते, ती टाळू नका.

सिक्स-जी हातात बसलं, की आखाताची वाट खुली होते. रत्नागिरी-रायगडची कितीतरी घरं त्या कमाईवर उभी आहेत. तिथल्या नोकरीसाठीची वेल्डिंग टेस्ट बहुतेकदा मुंबईतच होते. टेस्टला जाण्याआधी एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. त्याची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घ्यायला कायद्याने मनाई आहे. जास्त मागणाऱ्याच्या हातात पासपोर्ट देऊ नका.