विकररोधक औषधे आणि पेटंट
क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात बीसीआर-एबीएल हे सदोष विकर, म्हणजेच एन्झाइम, पेशींना अखंड विभाजनाचा संदेश देत राहते. इमॅटिनिब हे संयुग त्या विकराच्या खाचेत, जिथे एरवी एटीपी हा ऊर्जावाहक रेणू बसतो, स्वतः बसून तो संदेश रोखते. निसर्गात आढळणाऱ्या विकरावर भारतात पेटंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा एकाधिकार, मिळत नाही. मानवनिर्मित रोधक संयुगावर मिळू शकते. मात्र पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता लक्षणीय वाढली पाहिजे. ही वाढ रोगनिवारणातच दिसावी, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी इमॅटिनिब मेसिलेट या इमॅटिनिबच्या क्षाराच्या बीटा स्फटिकरूपावरील नोव्हार्टिस या औषध कंपनीचा दावा फेटाळला आणि रुग्णांसाठी स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली.