पाणी कधी भरतं ते आधी विचारा

तारकर्लीला चार दिवस जायचं ठरलं की आधी खोली बघतात, मग कुडाळपर्यंतचं रेल्वेचं तिकीट, मग कुठे काय खायचं ते. मासे गरवायची हौस यादीत शेवटी येते. तिथे पोचल्यावर खोलीच्या मालकाला विचारलं जातं, ‘‘दादा, उद्या सकाळी नऊला होडी मिळेल का?’’ होडी मिळते. पण नऊ वाजता खाडीत पाणी भरत असेल की ओसरत असेल, हे कोणी विचारलेलं नसतं. माझा आग्रह आहे की हे सगळं उलट्या टोकाकडून ठरवावं. आधी भरतीची वेळ बघावी, मग होडी सांगावी, आणि जमत असेल तर सुट्टीच्या तारखाही त्याच हिशेबाने घ्याव्यात.

हिशेब सोपा आहे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर करता येतो. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी तीच. एक भरती दिवसा, तर दुसरी साधारण साडेबारा तासांनी. यामागचं कारण चंद्राचं. तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही जवळपास तेवढीच मागे सरकते. हा आडाखा मुंबईच्या पाण्याला बसतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर सरकते, म्हणून मालवणला ती पाऊण तासभर आधी येते. खाडीत आत जावं तसा पुन्हा उशीर होत जातो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात किंवा मोबाइलवर बघावीच. पण सहा महिने आधी तारखा ठरवताना पाऊणपट पुरेशी आहे.

आता ही तिथी सुट्टीला लावून बघू. गरवायला सगळ्यांत चांगला काळ म्हणजे भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक. पाणी वर चढतं तसे मासे त्याच्याबरोबर उथळ जागी, कांदळवनाच्या मुळांशी, कालवं चिकटलेल्या खडकांशी चरायला येतात. वाहतं पाणी कोळंबी, लहान मासे, खेकड्यांची पिल्लं पुढे आणतं आणि मोठा मासा आडोशाला टपून राहतो. पाणी भरून थांबलं की गळाला लागणंही बहुतेक वेळा थांबतं. दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, त्यामुळे पाणी शांत राहतं. अकरा-बाराच्या पुढे समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि लहान होडी हेलकावायला लागते. म्हणजे सकाळी आठ-साडेआठला भरती असेल असा दिवस हवा. पाऊणपटीने तो एकादशी-द्वादशीच्या आसपास येतो. एकादशीला पाणी चांगलं असलं तरी पुष्कळ घरांत मासा शिजत नाही, तेव्हा द्वादशी धरावी. सहाला निघायचं, सव्वानऊपर्यंत परतायचं. उन्हं तापायच्या आत सगळं आटोपतं.

पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या दोनेक दिवसांत उधाण असतं. मुंबईत तेव्हा पाण्याच्या चढ-उतारात चार मीटरच्या आसपास फरक पडतो, मालवणकडे त्याच्या जवळपास निम्मा. तरीही तारकर्लीशेजारच्या देवबागच्या खाडीत उधाणाची ओढ इतकी असते की शिसं तळाला टिकत नाही. अष्टमीनंतरच्या भांगाला उलट, पाणी जेमतेम हलतं. नवख्या माणसाने या दोन टोकांच्या मधले दिवस निवडावेत.

महिने कोणते, हे थोडक्यात सांगता येतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर कोळी समुद्रात जातात, पण सुट्टीवर आलेल्याने घाई करू नये. खाडी तेव्हा अजून गढूळ असते आणि लाटाही मोठ्या. दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम.

जागेचा विचार मात्र सावकाश करावा. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला लाटा, दुसऱ्या अंगाला संथ खाडी. बरोबर मुलं किंवा पहिल्यांदाच येणारी मंडळी असतील तर खाडीच घ्यावी, हे माझं ठाम मत आहे. खाडीत तांबोशी, पालू, शेवटे, मुडदुशी मिळतात आणि पोटात ढवळत नाही. नदीचं तोंड पार करून बाहेर जायची इच्छा होतेच, कारण सुरमई बाहेर असते. पण तिथे वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर निघतं, समोरून लाट येते, आणि उथळ दांड्यावर दोन्ही भिडून लाट एकदम उभी राहते. तोंडावर होड्या उलटतात त्या अशा वेळी. होडीचा तांडेल ‘आज बाहेर नको’ म्हणाला तर पैसे जास्त देतो म्हणून त्याला भरीस घालू नये.

मालवणला आणखी एक पाहायचं. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. तिथे गळ टाकायचा नसतो. होडी ठरवतानाच ‘कुठे नेणार’ हे विचारावं. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढत असतील तिथूनही दूर राहावं. हात लावायचा असेल तर गळ बाजूला ठेवून दोर ओढायला जावं. ओढणाऱ्याला मूठभर मासळी देण्याची रीत अजून आहे.

होडीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून भरतीची वेळ त्याच्याच तोंडून ऐकावी आणि आपल्या हिशेबाशी ताडून बघावी. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का, मुलांच्या मापाचं आहे का, हे स्पष्ट विचारावं. ‘पोहता येतं’ म्हणून ते काढून ठेवणाऱ्या काकांना कोणी तरी प्रेमाने, पण न हटता ते घालायला लावावं. उंच लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते, ते निघण्याआधी बघावेत. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेवावा.

सामान फार लागत नाही. बरेच स्थानिक लोक हातदोरीनेच गरवतात. तंगूस, खाली शिसं, त्याच्यावर एक-दोन गळ. रॉड घरून न्यायचा असेल तर सात-आठ फुटांचा आणि मध्यम रील पुरे. आमिष म्हणून ताजी कोळंबी बाजारातून घ्यावी. फ्रीजरमधली मऊ पडते आणि पहिल्याच टोचीला गळावरून निघून जाते. तांबोशी दगडाच्या कपारीजवळ असते आणि लागल्याबरोबर कपारीत घुसते, त्यामुळे दोरी लगेच ताणून धरावी. तुटलेलं तंगूस पाण्यात सोडू नये. पक्षी आणि कासवं त्यात अडकतात. ते गुंडाळून खिशात टाकायला क्षणभर लागतो.

वर आलेला प्रत्येक मासा हातात धरायचा नसतो. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे काटे असतात आणि ते विषारी. केंड फुगला की मुलं हसतात, पण तो खायचा नाही, गळ सोडवून परत टाकायचा. पाकट आली तर शेपटीपासून लांब राहावं. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी, दुसऱ्या हाताने पाणी आधी तपासून. उष्णतेने वेदना उतरते. मग डॉक्टरकडे जावं. लहान मासे परत सोडावेत. महाराष्ट्रात २०२३ पासून पन्नासहून अधिक प्रजातींना पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे. मोठं झालेलं, एकदा तरी अंडी घातलेलं जनावर घेतलं तर पुढच्या वर्षीही खाडीत काही उरतं.

मासा खायचा असेल तर बर्फाचा डबा होडीतच हवा. उन्हात तासभर पडलेली तांबोशी चवीला उतरते. मासा लागला की लगेच मारून बर्फात घालावा. कोणाच्या घरी राहत असाल तर तिथल्या काकूंना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावं, म्हणजे नारळ, तिरफळं आणि कोकमं हाताशी असतील. सोमवार किंवा संकष्टी असेल तर हेही आधीच विचारून घ्यावं, कारण पुष्कळ घरांत त्या दिवशी मासळीची भांडीच निघत नाहीत. मासा स्वच्छ करून बर्फावर ठेवला तर दुसऱ्या दुपारपर्यंत चांगला राहतो. रील मात्र त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावं, नाहीतर घरी पोचेपर्यंत मिठाने गच्च होतं.