न शोधणाऱ्यांचा शोध

२००९ मध्ये नंदन नीलेकणी यांनी सरकारकडे अर्ज केला नव्हता; ‘आधार’ची धुरा सांभाळण्यासाठी त्यांना इन्फोसिसमधून पाचारण करण्यात आले. आपल्या कामात स्थिरावलेले निष्णात सहसा जाहिराती चाळत नाहीत. त्यांना बोलवावेच लागते. परंतु निमंत्रण बहुधा ओळखीच्या वर्तुळातच फिरते, तर राज्यघटनेचा अनुच्छेद १६ सरकारी नोकरीत समान संधीची हमी देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रातील ४५ पदांसाठी ‘लॅटरल एंट्री’ची जाहिरात निघाली, तीत आरक्षण नसल्याने वाद उसळला आणि तीन दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. शासनाने गुणवंतांच्या दारी जरूर जावे, वंचित समाजांतील गुणवंतांच्याही. निवड मात्र आरक्षण पाळणाऱ्या खुल्या स्पर्धेतूनच व्हावी.