प्रत ठेविली, पण ती चालेल काय?

1956 साली मुधोळ नांदेड जिल्ह्यातून आदिलाबाद जिल्ह्यात गेले आणि 2016 साली निर्मळ जिल्ह्यात आले. जिल्हा बदलला की कोणता कागद कोणत्या कचेरीत, हे शोधण्याची पाळी येते. यास्तव नक्कल जवळ बाळगण्याचे महत्त्व आमच्या वडीलधाऱ्यांस समजावून सांगावे लागत नाही. आता हिशेब, सभासदांच्या याद्या आणि विद्यार्थ्यांचे अर्ज संगणकावर आले आहेत. त्यांच्या नकलेचा विचार येथे थोडक्यात करतो.

एका दणकट सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरच्या योगाने अनेक संगणक नांदविता येतात. यांस व्हर्च्युअल मशीन म्हणतात. अशा यंत्राची डिस्क ही वस्तुतः एक मोठी फाईल असते, म्हणूनच लोखंड न हलविता सबंध यंत्र दुसऱ्या गावी नेता येते. प्रथम पूर्ण प्रत जाते, व पुढे जेवढा भाग बदलला तेवढाच ठरावीक वेळाने पाठविला जातो. यास रेप्लिकेशन म्हणतात. आमच्या भागात लाईन मंद असेल तर पहिली प्रत डिस्कवर घालून एस.टी.ने नेणे अधिक शहाणपणाचे!

यंत्रणा उभारण्याआधी कारभाऱ्यांनी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. काम किती वेळ बंद राहिलेले चालेल? आणि शेवटच्या किती मिनिटांचे लिखाण गमावलेले सोसेल? दर पंधरा मिनिटांनी बदल पाठविले, तर तेवढी पंधरा मिनिटे, आणि पाठवणी रेंगाळल्यास थोडी अधिकही, जाऊ शकतात. हे ठरविणे तंत्रज्ञाचे काम नव्हे. खर्च करणाऱ्याचे आहे.

प्रत कोठे ठेवावी, याविषयी फ्रान्सचा दाखला पुरे. 10 मार्च 2021 रोजी स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांची प्रतही तेथेच होती, त्यांची मूळ माहिती व प्रत एकाच रात्री गेली.

परंतु प्रत दूर असूनही भागत नाही, हे मुंबईने दाखविले. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी 11-40 वाजता थांबले, ते दुपारी 3-45 ला सुरू झाले. राखीव केंद्र होते. तथापि त्या दिवशी कारभार तिकडे हलविला गेला नाही. पुढल्याच महिन्यात सेबीने नियम घातला, की महत्त्वाची यंत्रणा अडखळल्यास 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि जाहीर केल्यापासून 45 मिनिटांत राखीव केंद्रावर जावे. 2 मार्च 2024 या शनिवारी बाजाराने खास सत्रे भरविली. पहिले सत्र मूळ केंद्रावरून झाले, दुसरे राखीव केंद्रावरून. रंगीत तालीम म्हणतात ती हीच. आमच्या मते या सर्व खटाटोपात सर्वांत मोलाची गोष्टही हीच होय, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

लहान संस्थेसही ती करता येते. राखीव प्रत वेगळ्या, बंदिस्त नेटवर्कमध्ये सुरू करावी, म्हणजे मूळ कामास धक्का लागत नाही. आधी माहितीचा साठा असलेले यंत्र, मग त्यावर चालणारी इतर यंत्रे, असा क्रम लिहून ठेवावा. मूळ व राखीव अशी दोन्ही यंत्रे एकाच वेळी खऱ्या कामास लागू देऊ नयेत. एकाच जमाखर्चाच्या दोन वह्या झाल्या की खरी कोणती हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही.

आणखी एक. रेप्लिकेशन चुकाही इमानाने नक्कल करते. कोणी नोंद पुसली, वा खंडणीखोर व्हायरसने फाईली कुलूपबंद केल्या, तर तो बदलही पलीकडे जातो. म्हणून मागील काही वेळांच्या प्रती राखाव्या, आणि निराळा बॅकअप नेटवर्कपासून तोडून कपाटात ठेवावा. मूळ सर्व्हर दुरुस्त झाल्यावर मात्र घाई नको. राखीव यंत्रावर झालेले नवे लिखाण आधी मूळ ठिकाणी परत न्यावे, ताळा जमल्याचे पाहावे, आणि मगच काम स्वगृही आणावे.