जुन्या मोटारीचे इंजिन : दुरुस्ती आणि सुधारणा

मोटार जुनी झाली म्हणजे ती मोडीत काढावी, हा व्यवहाराचा नियम होय. परंतु काही मोटारी या नियमाला अपवाद ठरतात. अँबॅसडर ही त्यांपैकीच एक. हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्याचा आरंभ १९४२ साली, त्या वेळच्या बडोदे संस्थानातील ओखा बंदरी झाला. पुढे तो बंगालमध्ये उत्तरपाडा येथे गेला. तेथे १९५७ पासून २०१४ पर्यंत ही मोटार तयार होत असे. आज ती नवी मिळत नाही. ज्यांनी ती जतन केली आहे, त्यांच्यापुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतो : थकलेले इंजिन पुन्हा बांधावे, की त्याच्या जागी अधिक ताकदीचे दुसरे बसवावे?

मूळ इंजिन टाकाऊ खचितच नव्हे. १९५९ साली या मोटारीस ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील १४८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन मिळाले. इंग्लंडातील एमजीए ही चपळ मोटार याच मालिकेतील इंजिनावर धावे. ब्लॉक व हेड ही दोन्ही बिडाची, रचना सरळ आणि भाग सुटे करण्यास सोपे. म्हणूनच ते गावोगावच्या मिस्त्र्यांच्या हातात रुळले.

इंजिन खोलण्यापूर्वी त्याची नाडी पाहिली पाहिजे. प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजावा. तो कमी भरल्यास प्लगच्या छिद्रातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर दोष बहुधा पिस्टनच्या रिंगांत वा सिलिंडरच्या झिजेत असतो; न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडच्या गॅस्केटकडे पाहावे. एवढ्या साध्या परीक्षेने पुष्कळदा अर्धे काम वाचते.

सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या अंगाला, रिंगांचा प्रवास जेथे संपतो तेथे, झीज अधिक होते आणि वर्तुळाकार छिद्र हळूहळू लंबगोल बनते. म्हणून वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मापे घ्यावी लागतात. झीज मर्यादेबाहेर गेली असल्यास सिलिंडर बोअर करून त्यात थोडे मोठे पिस्टन बसवितात. हे मोठेपण इंचाच्या हजारांश भागांत मोजतात : १०, २०, ३०, ४०. बीड एकदा कातले की परत येत नाही. जेथे २० भागले असते तेथे घाईने ४० घेणारा कारागीर पुढच्या पिढीची ठेव आजच खर्चून टाकतो. ही सोय संपल्यावर आत नवी स्लीव्ह ठोकण्याचा मार्ग राहतो. पण तो खर्चाचा. क्रँकशाफ्टचीही गोष्ट हीच : घासून पातळ होणारे पोलाद पुन्हा जाड होत नाही. सबब कुशल मिस्त्री आधी मायक्रोमीटर हाती घेतो, यंत्र मागाहून चालवितो.

आता सुधारणेचा विचार. तिची खरी निकड इंधनामुळे उत्पन्न झाली आहे. पूर्वीच्या पेट्रोलात शिसे असे आणि व्हॉल्व्ह ज्या बैठकीवर आपटतो तिला त्याचे संरक्षण मिळे. २००० साली भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. बिडाच्या हेडमध्ये थेट कातलेल्या जुन्या बैठका त्यामुळे अधिक वेगाने झिजू शकतात. हेड उतरविले असतानाच निदान एक्झॉस्टच्या बाजूस कठीण धातूच्या बैठका बसविणे शहाणपणाचे. २०२५ साली पेट्रोलातील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. तेव्हा नळ्या व इंधनपंपाचा पडदा बदलावा. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने मिश्रण विरळ पडते; ते कार्ब्युरेटरच्या जेटने सावरावे लागते.

या सुधारणा इंजिन जगविण्यासाठी आहेत. ताकद वाढविण्याची हौस निराळी. १९९० नंतरच्या अँबॅसडरांत आलेले १.८ लिटरचे इसुझू इंजिन जुन्या गाडीत बसविण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु वाढलेला वेग आवरणारे ब्रेक जुन्या गाडीत कोठे आहेत? पुढील चाकांना ड्रमचेच ब्रेक असलेली मोटार आधी थांबावयास शिकली पाहिजे, मग पळावयास.

कायद्याचेही भान हवे. इंजिन बदलल्यास त्याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. मात्र ते मूळ स्वरूपात राखलेले असावे, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. काही अश्वशक्तींच्या लोभाने हा मान गमावणे कितपत हिताचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तूर्त मूळ ब्लॉक धड असेल तर तोच बांधावा, आजच्या इंधनाला सोसेल एवढाच बदल करावा, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. पुढे कोणाला ती मोटार पुन्हा मूळ रूपात आणावीशी वाटली, तर तिची वाट मोकळी राहील.